वाफेवाले काका

वाफेवाले काका हा वर्ग नाशकात प्रामुख्याने गंगापूर रोड, कॉलेज रोड आणि इंदिरानगर या भागांत, अंगण अजून शिल्लक असलेल्या बंगल्यांतून आढळतो. नोट प्रेसमधून किंवा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्ती ही त्याच्या उत्पत्तीला पोषक परिस्थिती होय. हयात तपासणीत गेल्यामुळे निवृत्तीनंतरही तपासायला काहीतरी लागते. भाजी हे निमित्त. गुडघे वाकत नाहीत म्हणून दीड फूट उंचीचा वाफा, वाफ्याला फळ्यांची चौकट, आणि चौकटीचे लाकूड असे की वाळवीने हात टेकावेत पण मेथीत विष उतरू नये.

सुरुवात फुकटच्या लाकडापासून होते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांबाहेर पॅलेटांचे ढीग पडलेले असतात. काका भिंग घेऊन त्यावरचा गव्हाच्या लोंबीचा शिक्का शोधतात. ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेले, ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले. पहिले चालते, दुसरे नको. शिक्काच नसेल तर काका फळी हुंगून पाहतात. त्यातून काही सिद्ध होत नाही. शिवाय तापवल्याने आतली कीड मरते, लाकूड टिकाऊ होत नाही, आणि पाइन ओल्या मातीत फार तग धरत नाही.

रेल्वेच्या जुन्या स्लीपरांचा मोह मनमाडच्या मेहुण्यामार्फत येतो. ते क्रिओसोटमध्ये मुरवलेले असतात आणि उन्हात ते तेल वर येते, तेव्हा भाजीच्या वाफ्याला बाद. मळ्यातल्या खांबांना फासतात ते जळके ऑइलही बाद.

यानंतर वाचन वाढते, हे लक्षण घरच्यांना कठीण जाते. हिरवट छटेचे, औषध भरलेले लाकूड दिसले की काका ‘आर्सेनिक!’ असे ओरडतात. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे हे औषध सोंती कामेसम यांनी १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत शोधले. अमेरिकेत ते २००३ अखेर बहुतेक घरगुती वापरातून गेले. शोध आपला, सावधगिरी त्यांची, याचा अभिमान आणि खेद काका एकाच श्वासात व्यक्त करतात. डेहराडूनला लाकडाच्या खुंट्या अर्ध्या जमिनीत पुरून त्यांचे आयुष्य मोजतात. सरासरी १२० महिने काढणारे लाकूड पहिल्या वर्गाचे. काकाही अंगणात चिठ्ठ्या बांधून खुंट्या पुरतात. निकाल लागेल तेव्हा आपण ब्याऐंशी वर्षांचे असू, हा हिशेब काकू करून देतात.

शेवटी वखार. ‘काका, वलसाडी साग आहे, डोळे मिटून न्या,’ असे शेठ म्हणतात. काका डोळे उघडे ठेवून फळीच्या कडेचा पांढरा पट्टा नखाने दाखवतात.

‘सागच आहे ना तोही?’

‘शेठ, सागाची साल पण सागाचीच असते.’

इथे काका शंभर टक्के बरोबर असतात. सागाचा टिकाऊपणा आतल्या सोनेरी-तपकिरी गाभ्यात असतो. पांढरा भाग वाळवी बिनदिक्कत खाते. जुन्या नाशकातल्या पाडलेल्या वाड्यांच्या तुळया त्याहून सरस, मात्र रंग दिलेल्या असतील तर घेऊ नयेत, कारण जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी. सागाचा भाव ऐकून बहुतेक काका बाभळीवर येतात, आणि ही काही माघार नव्हे. नांगर आणि बैलगाड्या पिढ्यानपिढ्या याच लाकडाच्या होत. फक्त गाभा हवा आणि तो वाळलेला हवा. बाहेरून जवसाचे कच्चे तेल पुरे.

पहिल्या पावसात खिळ्यांभोवती काळे डाग उमटतात आणि काका सडके लाकूड दिल्याचा आरोप घेऊन वखारीत पोहोचतात. तो बाभळीतल्या टॅनिनचा आणि लोखंडाचा संयोग असतो. लाकूड ठणठणीत असते. त्यावर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू हा उपाय. त्यांचे बिल लाकडाच्या बिलाला लाजवते, म्हणून काकूंना फक्त लाकडाचे दाखवण्याची पद्धत आहे.