तोट्यात केली की क्रीडा

समुद्रात मासे धरणाऱ्यांच्या दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेचा माणूस पहाटे होडी लोटतो, डिझेलचा भाव आणि दलालाचा दर यांच्यामधल्या फटीतून घर चालवतो. त्याला आपण मच्छीमार म्हणतो आणि त्याच्या बायकोशी बाजारात दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो. दुसऱ्या तऱ्हेचा माणूस विमानाने समुद्रापर्यंत जातो, बोटीचं भाडं न कुरकुरता मोजतो आणि धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडतो. त्याला स्पोर्ट फिशिंग म्हणतात. म्हणजे हिशेब सोपा आहे: नफ्यासाठी केला तो धंदा, पोटासाठी केलं ते मागासलेपण आणि तोट्यात केली की क्रीडा.

आमच्या कट्ट्याला हे तत्त्वज्ञान पन्नाशीनंतर पटलं. ट्रेकिंगला गुडघे नाही म्हणाले होते, सायकली घेतलेल्यांनी त्या वॉचमनच्या मुलांना देऊन टाकल्या होत्या. अशा पोकळीच्या काळात आमच्यातल्या दाताच्या डॉक्टरांनी एक व्हिडिओ दाखवला. अंदमानचं निळं पाणी, त्यावर डुबुक डुबुक करत ओढलं जाणारं पॉपर नावाचं खोटं आमिष, खालून वर येणारं एक धूड आणि मग पाण्याचा स्फोट. हा जीटी, म्हणजे जायंट ट्रेव्हली. याचेच लहान चुलतभाऊ मालवणच्या बाजारात कोकर म्हणून टोपलीत पडलेले असतात आणि सुरमईचा भाव ऐकून दचकलेली गिऱ्हाइकं त्यांच्याकडे वळतात. पण ‘मालवणला कोकर आणायला गेलो होतो’ हे वाक्य सोसायटीच्या वार्षिक सभेत उभं राहून सांगण्यासारखं नाही.

तेव्हा अंदमानलाच जायचं ठरलं. घरी अर्थातच सेल्युलर जेलचं दर्शन असं सांगण्यात आलं. आमच्यातल्या सीएसाहेबांच्या मातोश्रींनी तर सावरकरांच्या कोठडीपुढे ठेवायला फुलांची परडीही दिली. विमानतळालाच वीर सावरकरांचं नाव असल्यामुळे उतरल्याबरोबर पुराव्याचा पहिला फोटो निघाला आणि मंडळी निर्धास्त झाली.

या क्रीडेचा खरा मोसम मात्र निघण्याच्या कितीतरी आधी, खरेदीच्या वेळी असतो. लाखाच्या घरातलं रीळ, त्याला शोभेल अशी काठी, काठीला शोभेल अशी दोरी, बोटं कापू नयेत म्हणून हातमोजे आणि काठीचा बुंधा पोटावर टेकवायला खास पट्टा. वेणीच्या दोरीला जाड नायलॉनचा शेवट जोडायची एफजी नावाची एक गाठ असते. एक दोरी ताणून धरायची आणि दुसरीचे तिच्याभोवती एकाआड एक वीसेक वेढे घालायचे. आमच्यातल्या ज्या बिल्डरांची पायजम्याची नाडीसुद्धा आजवर वहिनींनी घातली, ते बाल्कनीच्या कठड्याला दोरी बांधून रात्र रात्र ही गाठ घोकत होते. वहिनी चहा ठेवून न बोलता निघून जात.

स्वराजद्वीपहून, म्हणजे २०१८पर्यंतच्या हॅवलॉकहून, उजाडता बोट सुटली. पॉपर दीडशे ग्रॅमचं. ते जिवाच्या आकांताने लांब फेकायचं, काठीला हिसके देत जवळ ओढायचं आणि पुन्हा फेकायचं. माशाला वाटायला हवं की एखादा जखमी मासा धडपडतो आहे. तासाभरात बोटीवर खरोखरच जखमी धडपड सुरू झाली. डॉक्टर बोटीच्या कडेला ओणवे झाले. बिल्डरांच्या खांद्यातून असा आवाज आला की नावाड्याने इंजिन तपासलं. खाली प्रवाळ, त्यात पॉपर अडकायचं आणि दोरी तुटायची. आपले कोळी नारळी पौर्णिमेला वर्षातून एकदा समुद्राला नारळ देतात. आम्ही दर तासाला दोन-तीन हजारांचं एकेक पॉपर अर्पण करत होतो, तरी दर्या शांत व्हायला तयार नव्हता.

मग मासे लागलेही. पहिला वर येता येता निम्मा झाला, कारण खालून शार्कने त्याचा पुढचा-मागचा हिशेब न विचारता लचका तोडला. या खेळातले जाणकार शार्कला ‘टॅक्समन’च म्हणतात. सीएसाहेबांनी उरलेलं डोकं निरखून पाहिलं आणि यावर इनपुट क्रेडिट मिळेल का, असा प्रश्न केला.

दुसरा मासा बिल्डरांना लागला आणि आमची जुनी मैत्री धोक्यात आली. त्यांचा तोल जाताना पाहून डॉक्टरांनी माणुसकीने काठीला हात लावला. ‘सोड! रेकॉर्ड बाद होईल!’ ही आरोळी बहुधा पोर्ट ब्लेअरपर्यंत ऐकू गेली असेल. बिल्डरांचा आक्षेप कायदेशीर होता. या खेळाचं विश्वपंचांग राखणारी आयजीएफए ही संस्था १९३९ साली स्थापन झाली. झुंजीच्या वेळी दुसऱ्याचा हात काठीला लागला, तर तिच्या नियमांनुसार तो मासा नोंदीला अपात्र ठरतो. जीटीचा विश्वविक्रम २००६ मध्ये जपानात झाला, ७२.८० किलोंचा. बिल्डरांचा मासा अंदाजे त्याच्या सहाव्या हिश्शाचा होता. पण बांधकाम सुरू व्हायच्या आधी टॉवरची जाहिरात करायची सवय असलेल्या माणसाला अशा किरकोळ तपशिलाने काय होणार?

नियमावली पुढे वाचली तर अधिकच मौज. काठी आणि रीळ हवंच, नुसत्या हातदोरीने धरलेला मासा चालत नाही. वर येण्याआधी शार्कने लचका तोडलेला मासाही चालत नाही. आता आठवा, पुलंनी ‘एका कोळियाने’ म्हणून मराठीत आणलेला तो क्यूबाचा म्हातारा. चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परतल्यावर हातदोरीने भला मोठा मार्लिन धरतो आणि किनाऱ्यावर आणेपर्यंत शार्क त्याचा सांगाडा करतात. म्हणजे दोन्ही कलमांखाली बाद! गंमत म्हणजे त्याला जन्म देणारे हेमिंग्वे स्वतः या संस्थेचे उपाध्यक्ष होते. १९५२च्या त्या पुस्तकाने पुढे नोबेलचा रस्ता मोकळा केला, पण उपाध्यक्षांच्या म्हाताऱ्याचा अर्ज त्यांच्याच कचेरीत नामंजूर झाला असता.

आमच्या मित्राचा मासा मात्र बोटीवर आला आणि सुरू झाला सोडून देण्याचा सोहळा. शास्त्र सांगतं की उष्ण पाण्यात फार वेळ झुंजलेला मासा आधीच अर्धमेला असतो. त्याला वर धरून ठेवला की कल्ले मिटतात आणि जीव गुदमरतो. म्हणून गळाला उलटा काटा नसावा, हात ओले असावेत, खेळ लवकर आटपावा आणि मासा शक्यतो पाण्यातच ठेवावा. बिल्डरांनी पाणी टाळून बाकी सर्व पाळलं. हात लांब पुढे करून धरला म्हणजे मासा दुप्पट दिसतो. मग चष्म्यासह एक, चष्म्याविना एक, टोपीवरचा लोगो दिसेल असा एक. ‘जरा हस ना रे,’ कॅमेरावाले सीएसाहेब म्हणाले, ते नेमकं कुणाला हे कळलं नाही. अखेर मासा पाण्यात गेला, क्षणभर आडवा तरंगला आणि शेपटीचा एक फटकारा मारून खोल उतरला. ‘निसर्गाचं ऋण फेडलं,’ असं बिल्डर भारावून म्हणाले. लोकांच्या मोकळ्या जागांबाबत त्यांना हे कधी सुचलेलं नाही.

एवढ्या वेळात बोटीवरचा पोरगा मागच्या बाजूला प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली दोरी आणि माशाचा तुकडा घेऊन बसला होता. त्याने सहज हात वर केला, तर दोरीला चांगला दोन किलोंचा गोबरा. आमच्याकडे पाहून त्याने प्रामाणिकपणे विचारलं, ‘साब, इसको खाना है, या ये भी वापस डालना है?’ निसर्गाच्या ऋणाचा त्या क्षणी कुणी उच्चारही केला नाही. रात्री रस्सा झाला आणि डॉक्टरांनी पोटाची सकाळची तक्रार विसरून तिसऱ्यांदा भात घेतला.

जेवणानंतर सीएसाहेबांनी हिशेबाची वही काढली. विमान, बोट, हॉटेल, रीळ, प्रवाळार्पणमस्तु झालेले पॉपर अशी बेरीज झाली. आता दर किलोला किती पडले? पण आम्ही धरलेले सगळे मासे सोडून दिलेले, म्हणजे भागायचं शून्याने. गोबरा जमेला धरावा तर तो पोराचा, शिवाय हातदोरीचा, म्हणजे नियमबाह्य. शून्याने भागता येत नाही, सबब दर काढता येत नाही, सबब सहल महाग झाली असं कुणालाही सिद्ध करता येणार नाही, असा अभिप्राय त्यांनी नोंदवला. आजवर एवढं निर्मळ ऑडिट कुणी पाहिलेलं नाही.

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि पुढच्या वर्षी सेशेल्सला जायचं ठरलं. तिथले जीटी पाण्याबाहेर झेप घेऊन उडते पक्षी गिळतात, हे बीबीसीने २०१७ साली जगाला दाखवलं आहे. तिथे काय पाहायला जातोय म्हणून घरी सांगायचं, यासाठी तीन जणांची उपसमिती नेमली आहे.