लिवलं काय, ते वाचा ना!

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा हात सोडला आणि वऱ्हाडातली कितीतरी धडधाकट यंत्रं एका दिवसात सेवानिवृत्त झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते. ती नसेल तर यंत्र कितीही गुणी असो, दारातूनच परत. दुकानदारांचं निदान तयारच होतं: नवं घ्या.

अमरावतीत राजापेठेकडे राहणाऱ्या एका मास्तरांना हे पटलं नाही. स्वतः निवृत्त आहेत, म्हणूनही असेल. शिवाय त्यांचा भाचा पुण्याच्या हिंजवडीत आहे. वऱ्हाडातल्या प्रत्येक घराचा एक तरी भाचा हिंजवडीत असतोच. अमरावतीचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चं, शेगावचं १९८३ चं. तेव्हापासून आम्ही इकडे अभियंते पिकवतो आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला रवाना करतो. कापसाच्या बाबतीतही आमची हीच रीत होती.

तर हा भाचा दिवाळीला आला, मामाच्या यंत्रात विंडोजच्या जागी डेबियन नावाचं लिनक्स टाकलं, चकल्या खाल्ल्या आणि परतीची ट्रॅव्हल्स पकडली. जाताना दोन पासवर्ड कागदावर लिहून दिले. एक मास्तरांचा, एक ‘रूट’चा. रूट म्हणजे यंत्राचा जिल्हाधिकारी. हा कागद देवघरात ठेवण्यात आला.

भाऊबीज उलटली आणि मास्तरांनी टर्मिनलमध्ये पहिली आज्ञा सोडली: सुडो एपीटी अपडेट. म्हणजे रूटच्या अधिकारानं पॅकेजांची यादी ताजी कर. यंत्रानं पासवर्ड मागितला. मास्तर टाइप करू लागले, पण पडद्यावर काही उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही, फुली नाही. कीबोर्ड बिघडला असं ठरवून त्यांनी तो उलटा करून झटकला. त्यातून चिवडा निघाला, पासवर्ड नाही. खरं तर पासवर्ड आत जातच होता. मागून डोकावणाऱ्याला त्याची लांबीदेखील कळू नये, एवढाच त्या न दिसण्याचा हेतू. पण आपल्याकडे कागद पुढे सरकवल्यावर समोरच्यानं मान जरी हलवली नाही, तर माणूस धास्तावतोच.

एंटर दाबल्यावर उत्तर आलं: तुमचं नाव सुडोअर्सच्या यादीत नाही. डेबियनची ही जुनी खोड आहे. बसवताना रूटला वेगळा पासवर्ड दिलात, की नेहमीच्या वापरकर्त्याला ते अधिकाराच्या यादीत घेत नाही. सुडोच्या या संदेशाला पूर्वी एक प्रसिद्ध शेपूट असे: या घटनेची तक्रार वर कळवली जाईल. वर म्हणजे कुठे? रूटकडे. घरच्या यंत्रावर रूट कोण? तुम्हीच. म्हणजे आरोपी मास्तर, तक्रार ऐकणारे साहेबही मास्तर, आणि साहेबांच्या पेटीतलं टपाल कोणी उघडत नाही. एवढी परिपूर्ण चौकशी समिती आपल्या शासनालाही अजून नेमता आलेली नाही.

उपाय होता. रूट व्हायचं आणि अ‍ॅडयूझर वापरून स्वतःला सुडो गटात घालून घ्यायचं. मास्तरांनी ‘एसयू’ टाइप केलं, देवघरातला कागद आणून रूटचा पासवर्ड दिला आणि ते साहेब झाले. मग अ‍ॅडयूझर टाइप केलं. उत्तर: अशी कमांडच सापडत नाही. आता इथे मेख आहे. नुसतं ‘एसयू’ म्हटलं तर खुर्ची साहेबाची मिळते, पण शोधवाट जुन्याच माणसाची राहते. साहेबाची हत्यारं ज्या एसबिनच्या कपाटात असतात, ते कपाट त्या वाटेवर लागतच नाही. ‘एसयू’पुढे जागा सोडून एक आडवी रेघ द्यायची, की सगळं दिसू लागतं. एका रेघेनं एवढा फरक कसा पडतो, असं सातबारा पाहिलेल्या वऱ्हाडी माणसानं तरी विचारू नये.

पण रेघेपर्यंत पोचायला पुण्याला फोन लागला.

“काय लिवून येऊन रायलं, मामा?”

“काईतरी इंग्रजीत हाये. मले वाटते, रागावलं हाये ते.”

“पण लिवलं काय, ते वाचा ना!”

“फोटो पाठवला ना तुले. पाह्य.”

फोटोत मास्तरांचा अंगठा होता, छतावरचा पंखा होता, आणि नेमक्या त्या ओळीवर फ्लॅशचा पांढरा गोळा होता. ज्या गृहस्थानं हयातभर पोरांना ‘आधी प्रश्न नीट वाचा’ म्हणून छड्या मारल्या, त्यांनी तीन ओळींचा संदेश वाचायचा सोडून त्याचं छायाचित्र हिंजवडीला पाठवलं.

मास्तरांना हसू नका. इंग्रजी त्यांना उत्तम येतं. पण खिडकीपलीकडून येणारं उत्तर ऐकायचं नसतं, हे आपल्याला आयुष्यानं शिकवलंय. दाखला काढायला जा, ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणतात. कोणता सर्व्हर, कधीपासून, तो उठवायचं काम कुणाचं, हे कोणी सांगत नाही. ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे तर उत्तरच नव्हे. टर्मिनल मात्र कोणती फाईल नाही, कोणती परवानगी नाही, कोणत्या ओळीत चूक आहे ते नावानिशी सांगतं. पॅकेजांच्या गोदामाला कुलूप असेल, तर ते कोणत्या प्रक्रियेनं लावलंय तिचा क्रमांकसुद्धा देतं. कुलूप कुणाकडे आहे हे न विचारता सांगणारं दुसरं कार्यालय मला तरी माहीत नाही. आणि इतकं सरळ बोलणाऱ्याला आपण उद्धट म्हणतो.

मध्यंतरी मास्तर एका लग्नासाठी आठवडाभर परगावी होते. परत आल्यावर अपडेट चालवलं, तर नवंच रामायण: रिलीज फाईल अजून वैध नाही, आणखी काही दिवस वैध होणार नाही. भविष्यातून आलेला कागद!

याच सुमारास अकोल्याचे साडू पाहुणे म्हणून हजर झाले. ते लोणी-मानाच्या रस्त्यानं आले. २०२२ च्या जूनमध्ये या मार्गावर ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनेसात नोंद झाली. त्याआधी तो रस्ता किती वर्षं खड्ड्यात होता, याची नोंद गिनेसनं ठेवलेली नाही. अशा वेगवान रस्त्यानं आलेला माणूस वेगवानच सल्ला देणार. “फॉरमॅट मारा. विंडोज टाकून टाका. आमच्याकडे टिळक रोडवर पोरगा हाये, तासाभरात मारून देते.” आपल्याकडे विंडोज बसवत नाहीत, मारतात. आणि मारलेलं विंडोज अधिकृत आहे का, हे विचारणं पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.

भाच्यानं फोनवर एकच विचारलं: “मामा, कोपऱ्यात तारीख कोणती दिसते?”

तारीख लग्नाला निघाले त्या दिवसाची होती. मास्तर शिस्तीचे, काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करतात. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल केव्हाच संपलेला. वीज गेली की घड्याळ मेलं, आणि चालू झाल्यावर यंत्रानं आपल्या वहीतली शेवटची वेळ धरली. यंत्राच्या लेखी मास्तर अजून बॅगच भरत होते, म्हणून नंतरच्या तारखेची फाईल त्याला भविष्यातली वाटली. नेटवरून घड्याळ जुळेपर्यंत दोन मिनिटं थांबायचा धीर मास्तरांना नव्हता. संदेशात हे सगळं होतं. फाईल वैध नाही असं नव्हतं लिहिलं, ‘अजून’ वैध नाही असं लिहिलं होतं.

साडूंना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते डेबियनच खराब.

तेव्हा वाचकहो, जुन्या यंत्रावर नवी सिस्टिम रुसली, तर फॉरमॅट मारण्याआधी कोपऱ्यातली तारीख पाहा आणि तो सेल बदला. सीआर २०३२ म्हणून मागा. घड्याळवाल्याकडेही मिळतो.