वाट पाहणाऱ्यांसाठी पूर्वतयारी: जपानी गेमचा पुढचा भाग परदेशात येईपर्यंत काय करावे

प्रतीक्षेला बसण्यापूर्वी आपले वय मोजून घ्यावे. स्क्वेअर या जपानी कंपनीचा ‘सेइकेन देन्सेत्सू ३’ हा गेम जपानमध्ये ३० सप्टेंबर १९९५ रोजी विक्रीला आला आणि त्याची अधिकृत इंग्रजी आवृत्ती आली ११ जून २०१९ रोजी. सहावीत असताना ज्या अमेरिकन पोराने वर्गात छातीठोकपणे सांगितले असेल की ‘पुढच्या वर्षी नक्की’, त्याचे स्वतःचे पोर एव्हाना सहावीला टेकले असेल. तेव्हा ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे त्यांनी हा छंद नव्याने धरू नये. तरुणांनी धरावा, पण घरी सांगून.

या गेमचा प्रकार ॲक्शन आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) म्हणून ओळखला जातो. साध्या आरपीजीत नायक एक घाव घालतो आणि मग शत्रूची पाळी येईपर्यंत सभ्यपणे उभा राहतो. इथे तसले काही नाही. बटण दाबले की तलवार फिरते, शत्रूही त्याच क्षणी अंगावर येतो. थोडक्यात, या गेममध्ये कुणीही कुणासाठी थांबत नाही. थांबण्याचे सगळे काम गेमच्या बाहेर, खेळाडूकडे सोपवलेले असते.

आता आपण नेमकी कितव्या भागाची वाट पाहतो आहोत, हे ठरवून घ्यावे. वाटते तितके ते सोपे नाही. या मालिकेचा पहिला भाग १९९१ साली गेम बॉयवर आला. अमेरिकेत त्याला ‘फायनल फँटसी ॲडव्हेंचर’ म्हणून विकले आणि युरोपात ‘मिस्टिक क्वेस्ट’ म्हणून. दुसरा भाग १९९३ चा, तो परदेशात ‘सीक्रेट ऑफ माना’ झाला. त्यामुळे तिसऱ्या भागाला परदेशातले चाहते बिनधास्त ‘सीक्रेट ऑफ माना २’ म्हणत राहिले. कंपनीने बारसे केले नाही तर ते वाट पाहणाऱ्यांनी उरकून घ्यावे, असा संकेत आहे.

वाट पाहण्याजोगे काही होते का? होते, आणि भरपूर होते. ‘सीक्रेट ऑफ माना’त तीन मित्र एकाच टीव्हीसमोर बसून एकत्र खेळू शकत. त्यासाठी मल्टिटॅप नावाचा एक जोडडबा लागे. वर हिरोकी किकुता यांचे संगीत. पुढच्या भागात संगीत त्यांचेच, शिवाय सहा नायक-नायिका. त्यातले तीन आपण निवडायचे, आणि मुख्य कोण यावर शेवटचा खलनायक कोण हे ठरणार. म्हणजे सगळी कथा पाहायची तर गेम निदान तीनदा खेळायला हवा. जो गेम एकदाही मिळत नाही तो तीनदा खेळण्याची ओढ लागणे, ही खरी पात्रता. ती अंगी नसेल तर पुढचे वाचू नये.

साधनसामग्रीत पहिले स्थान मासिकांतल्या छायाचित्रांना. १९९५ साली नव्या गेमची बातमी मासिकांतून येई. पोस्टाच्या तिकिटाएवढे चित्र, खालच्या चौकटीत जपानी मजकूर, त्याखाली संपादकाची दोन उत्साही वाक्ये. या चित्राचा अभ्यास रोज करावा. झाड हिरवे आहे की निळसर, नायिकेच्या हातातले शस्त्र भाला आहे की काठी, यावर मित्राशी कडाक्याचे भांडण होईपर्यंत चर्चा करावी. भांडण मिटले की चित्र पुन्हा पाहावे. निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, वेळ मुबलक आहे.

यानंतर येतो सर्वात नाजूक टप्पा: कारणमीमांसा. कंपनी गप्प बसली की कारणे आपण पुरवायची असतात, आणि त्यासाठी जवळपासचा एखादा आरोपी हवा. सुदैवाने तो तयार होता. स्क्वेअरच्या अमेरिकेतल्या चमूने बनवलेला ‘सीक्रेट ऑफ एव्हरमोर’ हा गेम १९९५ मध्येच अमेरिकेत आला. नाव तसेच, गोल फिरणारा मेनू तसाच. झाले! ‘यानेच आपला घास पळवला’ असा निकाल लागला आणि तो वर्षानुवर्षे कायम राहिला. वस्तुस्थिती अशी की एव्हरमोरसाठी अमेरिकेत वेगळी माणसे नेमून स्वतंत्र चमू उभा केला होता. तो निघाला नसता तर माना आला असता, असे काही नव्हते. गेम बिचारा बरा होता. नायकाबरोबर एक कुत्रा आहे आणि प्रत्येक युगात त्याचे रूप बदलते, ही कल्पना तर झकासच. पण प्रतीक्षार्थीने न्यायबुद्धी बाळगली तर राग काढायचा कुणावर?

खरी कारणे रुक्ष असतात, म्हणून ती चटकन उरकतो. हा गेम ३२ मेगाबिटच्या कॅसेटमध्ये होता, म्हणजे ४ मेगाबाइट. (आपल्याकडे तिला कॅसेटच म्हणत, तेव्हा इथेही तेच म्हणू.) जपानी लिपीत चार अक्षरांत मावणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत चार शब्द लागतात आणि त्यांना जागा लागते. त्यात सोनीचे प्लेस्टेशन अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९५ ला येऊन बसले होते, म्हणजे आपला गेम जपानात निघण्याच्या तीन आठवडे आधी. पुढच्याच वर्षी निन्टेन्डो ६४ आला. सुपर निन्टेन्डो या जुन्या यंत्रासाठी एवढा मोठा गेम भाषांतरित करून, तपासून, छापून विकायचा तर गिऱ्हाईक उरले असते किती? कंपनीच्या हिशेबात हे गणित बसले नसणार. आपल्याला कंपनीच्या हिशेबाशी कर्तव्य नाही.

धीर सुटलेल्यांसाठी पक्कड. होय, पक्कडच. अमेरिकन सुपर निन्टेन्डोच्या खाचेत प्लास्टिकचे दोन छोटे दात असत. जपानी कॅसेटचा आकार वेगळा असल्याने ती त्यांना अडे. आतले इलेक्ट्रॉनिक्स जपानी कॅसेटला हरकत घेत नसे, सगळी आडकाठी त्या दोन दातांची. ते मोडले की जपानी गेम चालू. दोन खंडांतला व्यापारी अडसर पकडीने मोडता येतो, ही माहिती वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावी. युरोपातल्यांनी मात्र पकडीवर विसंबू नये. तिथल्या यंत्रात कुलपाची चिप वेगळी होती, त्यामुळे वेगळा ॲडाप्टर घ्यावा लागे. इतके करूनही तिथला टीव्ही सेकंदाला साठऐवजी पन्नासच चित्रे दाखवी, म्हणून न बदललेल्या यंत्रावर गेम सहाव्या हिश्श्याने हळू चाले. ज्यांना वाट पाहणे मनापासून आवडते त्यांच्यासाठी ही खास सोय समजावी.

गेम सुरू झाला, पण वाचता येत नाही. हरकत नाही. मेनूतल्या तिसऱ्या ओळीने काय होते ते पाठ करावे. गावातल्या प्रत्येकाशी बोलावे, ऐकून घेतल्यासारखी मान हलवावी. पुढे एका टप्प्यावर प्रत्येक पात्राला प्रकाशाचा किंवा अंधाराचा मार्ग निवडावा लागतो आणि तो निर्णय परत फिरवता येत नाही. जपानी न येणाऱ्याने इथे डोळे मिटून बटण दाबावे. लग्नात याहून जास्त माहिती मिळतेच असे नाही.

आता एका गंभीर गैरवर्तनाची नोंद करणे भाग आहे. २००० च्या आसपास चाहत्यांच्या एका छोट्या गटाने हा अख्खा गेम इंग्रजीत आणून फुकट वाटला. पगार नाही, कंपनीची मदत नाही. गेमच्या आतला मजकूर कुठे आणि कसा दाबून बसवलाय ते शोधायचे, उलगडायचे, भाषांतर करायचे आणि पुन्हा तेवढ्याच जागेत कोंबायचे. हाती येई तो फक्त पॅच, म्हणजे बदललेल्या भागांची फाइल. मूळ गेम ज्याने त्याने मिळवायचा. तो कुठून मिळवला, हे विचारण्याची पद्धत नव्हती. आमच्या शास्त्रानुसार हा मोठा अपराध आहे, कारण याने प्रतीक्षाच संपते. आणि शास्त्र बाजूला ठेवून बोलायचे तर या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचे काम तेवढे एकच झाले.

आपल्याकडे सुपर निन्टेन्डो फारसा कुणी पाहिलाच नाही. आपण पिवळ्या कॅसेटवर कॉन्ट्रा आणि मारिओ खेळत होतो आणि तीत कितीशे गेम आहेत असे छापले असले तरी ते पाच-सहाच असतात, याची वाच्यता करत नव्हतो. पुढे घरात संगणक आणि एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आल्यावर ज्या मराठी पोरांना हा गेम भेटला त्यांना तो थेट इंग्रजीतच भेटला. वाट न पाहता. त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

अल्पमुदतीची प्रतीक्षा करू इच्छिणाऱ्यांसाठी ‘किंगडम हार्ट्स २’. जपानात २२ डिसेंबर २००५, अमेरिकेत २८ मार्च २००६, युरोपात २९ सप्टेंबर २००६. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही आपली मर्यादा युरोपीयांनी इथे सहज ओलांडली. या काळात कथा कानावर पडू न देणे हेच मुख्य व्रत. जपानी वाचणाऱ्या मित्राशी फक्त हवापाण्याच्या गप्पा माराव्यात. (ज्यांनी अजून खेळलेला नाही त्यांनी पुढची दोन वाक्ये सोडावीत.) एवढे करून गेम हाती आला की कळते, नायक सोरा झोपलेला आहे. पहिले काही तास दुसऱ्याच मुलाला घेऊन फिरायचे आणि साहेब जागे होण्याची वाट पाहायची.

शिवाय परदेशी आवृत्ती आली म्हणजे सुटलो, असे समजू नये. मार्च २००७ मध्ये कंपनीने याच गेममध्ये नवी भर घालून, इंग्रजी आवाज ठेवून, तो पुन्हा जपानातच विकला. इंग्रजी बोलणारा तो गेम इंग्रजी बोलणाऱ्या देशांत अधिकृतपणे पोचला डिसेंबर २०१४ मध्ये. तारीख जाहीर झाली म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनी ‘फँटसी स्टार ऑनलाइन २’ आठवावा. २०१२ मध्ये सेगाने ‘पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला’ असे सांगितले होते. अमेरिकेत तो आला २०२० साली. वर्ष चुकले, पण सुरुवातीला आला असे म्हणता येईल, कारण २०२० हे दशकाच्या सुरुवातीचेच.

राहता राहिला मानाचा तिसरा भाग. पहिले तीनही भाग एकत्र करून निन्टेन्डो स्विचसाठी काढलेला संच जपानात १ जून २०१७ ला आला, अर्थातच जपानीत. परदेशात पुन्हा दोन वर्षे तर्कवितर्क. मग ११ जून २०१९ ला, ई३ या गेम-प्रदर्शनाच्या दिवसांत, निन्टेन्डोने आपल्या कार्यक्रमात तो इंग्रजीत जाहीर केला आणि सांगितले: आजपासून उपलब्ध. पाव शतक ज्यांनी सराव केला त्यांना घोषणेनंतर एक दिवसही वाट पाहू दिली नाही. गेमला अखेर अधिकृत इंग्रजी नाव मिळाले, ‘ट्रायल्स ऑफ माना’, आणि २४ एप्रिल २०२० ला त्याची नव्याने बांधलेली त्रिमित आवृत्तीही जगभर एकाच दिवशी आली. मोठ्या कंपन्यांचे असे गेम हल्ली बहुधा असेच सगळीकडे एकदम येतात. त्यामुळे या विद्येचे जाणकार कमी होत चालले आहेत.

संचाची किंमत अमेरिकेत ३९ डॉलर ९९ सेंट होती. ज्यांना खेळायचे आहे त्यांनी तो घ्यावा. ज्यांना वाट पाहणेच आवडते त्यांनी कृपया घेऊ नये.