आरंभशूर

ख्रिस्ती शास्त्रातल्या उत्पत्तीचे पन्नास आणि निर्गमचे चाळीस अध्याय मला जवळजवळ पाठ आहेत. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. मी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात पहिल्या मजल्यावर राहतो आणि माझ्या बरोब्बर खाली अकाउंट्सवाले काका राहतात, एवढंच. मधला स्लॅबही सरकारीच. त्यातून कुकरची शिट्टी, दूरदर्शनच्या बातम्या आणि मोशेची काठी सारख्याच सहजतेने वर येतात.

काका मूळचे नगरचे. वेस्ट ब्लॉकातल्या एका कचेरीत हिशेब तपासतात आणि घरी आल्यावरही तपासतच असतात. तसा हा नमुना कुठल्याही धर्मात सापडतो. एक जानेवारीला नवी डायरी उघडणारे, नवे बूट घालून डिअर पार्कात पळायला जाणारे, साखर सोडणारे हे सगळे त्यांचे सगोत्रच. फरक इतकाच, की बाकीच्यांचा संकल्प कधी मोडला ते शेजाऱ्यांना कळत नाही. काकांचा मोठ्याने असतो.

सुरुवात 31 डिसेंबरच्या रात्री होते. हिंदी मंडळीत वर्षअखेरीची उपासना, बाराच्या ठोक्याला हस्तांदोलनं, केक, आणि मग ताटातून एकेक वचनाची चिठ्ठी उचलायची. जे वचन हाती येईल ते वर्षभराचं. लोक ती चिठ्ठी डोळे मिटून उचलतात आणि डोळे पुसत वाचतात. काका ती बदलीच्या ऑर्डरसारखी उघडतात. आधी मजकूर, मग खाली कोणत्या पुस्तकाचा संदर्भ आहे ते. एका वर्षी धीराने वाट पाहण्याविषयीचं वचन निघालं आणि नेमकं त्याच वर्षी प्रमोशन लांबलं. काकांनी अजिबात त्रागा केला नाही. म्हणाले, "आगाऊ कळवलं होतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, बाहेर धुक्यात मदर डेअरीचा बूथही दिसत नसताना, खालून आवाज येतो. आधी काळोख, मग पाणी, मग उजेड. काका माकडटोपी घालून, रजाई गुंडाळून, खड्या आवाजात जग निर्माण करत असतात. मनातल्या मनात वाचलेलं त्यांना मंजूर नाही, त्याचा पुरावा राहत नाही म्हणे.

"अहो, हळू वाचा, वरच्यांना ऐकू जातं," काकूंचा आवाज येतो.

"मग? वरच्यासाठीच तर वाचतोय!"

वाचनाचं एक रजिस्टर आहे. रकाने: दिनांक, पुस्तक, अध्याय, मागील बाकी, शेरा. पुस्तकं 66, अध्याय 1,189. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले, की वर्षाचे 1,199 होतात. वर उरणाऱ्या दहा अध्यायांत तीन दिवसांची कॅज्युअल लीव्ह बसते, हे काकांनी मला जिन्यात उभं करून समजावलं आहे. वर्षभरात सगळं शास्त्र वाचायचा एक जुना, नावाजलेला तक्ता आहे. स्कॉटलंडातल्या डंडीचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी तो 1842 च्या डिसेंबरात आपल्या मंडळीसाठी केला. ("आणि त्याच वर्षी आमच्या नगरला 'ज्ञानोदय' पत्र निघालं," हे काका जोडतातच. दोन्हींचा परस्परसंबंध काय, ते मी विचारत नाही.) पण मॅकचेनच्या तक्त्यात रोज चार ठिकाणचे चार अध्याय आहेत, आणि ते काकांना पटत नाही. टेबलावर चार फायली उघड्या टाकणारा क्लार्क त्यांनी उभ्या नोकरीत सहन केलेला नाही. शिवाय तक्ता करून देऊन मॅकचेन स्वतः 25 मार्च 1843 ला वारले, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. हे काकांनी मोठ्या हळहळीने सांगितलं, तेव्हा काकू मटार सोलता सोलता म्हणाल्या, "ते मार्चपर्यंत तरी पोचले."

कारण काका पोचत नाहीत. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन खाली उतरतो तेव्हा योसेफाचा गोतावळा मिसरात येऊन स्थिरावलेला असतो. 26 जानेवारीला कर्तव्यपथावर चित्ररथ निघतात आणि आमच्या खाली निवासमंडपाचं बांधकाम जोरात असतं. पडदे किती, खुंट्या किती, लांबी किती हात. इतरांना तिथे झोप येते, काकांना टेंडर वाचल्याचं सुख मिळतं. मग लेवीय लागतं. कोणत्या अर्पणाची चरबी कुठे जाळायची याचे अध्यायच्या अध्याय. आवाज बसतो, बाकी वाढते, आणि 29 तारखेला विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं त्या सुमाराला खालची फौजही बॅरेकीत परतते. पुढे अकरा महिने शांतता.

आमच्याकडे गुरुचरित्राचा सप्ताह एकदा मांडला की अर्ध्यावर सोडायची सोय नसते. त्यामुळे मला दर फेब्रुवारीत उगाच अपराधी वाटायचं. माझ्या हिशेबी इस्राएलचे लोक कित्येक वर्षं सीनायच्या पायथ्याशी तंबू ठोकून बसले होते. पुढची गोष्ट कुठेही वाचता आली असती, पण पारायण दुसऱ्याचं, आपण मध्येच पान उलटणं बरं दिसत नाही.

काकूंचं सगळं निराळं. त्यांच्या शास्त्राची पुठ्ठ्याची पाठ निघालेली, आत लाइटबिलं, औषधाच्या चिठ्ठ्या आणि एक वाळलेलं झावळीचं पान. ओट्याशी उभ्या उभ्या, भाताला वाफ येईपर्यंत, जिथे उघडेल तिथे वाचतात. रजिस्टर नाही. एकदा काकांनी लेवीयबद्दल कुरकुर केली, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावला मुक्तिसदनात बसून सबंध शास्त्र मराठीत आणलं, मरेपर्यंत त्याच कामात होत्या. छापून निघालं 1924 साली, त्या गेल्यावर. त्यांनी लेवीय गाळलं का?" काका लगबगीने भाजी आणायला निघून गेले.

यंदा मात्र चमत्कार झाला, आणि त्याला कारण माझी मोरी. तिथल्या पाइपातून पाणी झिरपून काकांच्या भिंतीला ओल आली. तक्रार नोंदवली होती, ज्यांनी यायचं ते यायचे होते. एक फेब्रुवारीला, अर्थसंकल्पाच्या सकाळी, काका जिना चढून वर आले.

"वरचे, लेवीय चौदा ऐकलंत?"

"ऐकलं काका. स्लॅब पातळ आहे."

"काय पद्धत आहे बघा! घराला हिरवट-तांबूस डाग दिसले, की मालकाने याजकाला वर्दी द्यायची. तपासणीआधी सामान बाहेर. सात दिवस घर बंद. सातव्या दिवशी फेरतपासणी. सातव्या! मग दगड बदला, आतून खरवडा, नवा गिलावा करा. पुन्हा डाग आले तर घर पाडायचीही तरतूद आहे." एवढं बोलून त्यांनी माझ्या मोरीकडे याजकाच्या नजरेने पाहिलं. मी त्याच दुपारी मुनीरक्याहून प्लंबर आणला. घर वाचलं, आणि त्या उत्साहात काका लेवीय ओलांडून गेले.

पुढे गणना हे पुस्तक. म्हणजे चक्क शिरगणती! काकांचा आवाज असा कधी लागला नव्हता. बारा वंशांचे आकडे त्यांनी पेन्सिलीने मांडले, बेरीज केली आणि उत्तर 6,03,550 आलं. शास्त्रातही तेच. "पैशाचा फरक नाही!" हे तर स्लॅब नसता तरी ऐकू आलं असतं.

तिसऱ्या अध्यायाला घात झाला. लेवींची तीन कुळं: 7,500, 8,600 आणि 6,200. बेरीज 22,300. शास्त्रात 22,000. काका कॅल्क्युलेटर घेऊन वर आले, माझ्याकडून पुन्हा करवून घेतली, मग माझ्या दहावीतल्या मुलीकडून. तीनशे ते तीनशेच. शेवटी पाळकसाहेबांना फोन गेला. जुनी नक्कल करताना एखादं अक्षर गळालं असावं, काही ग्रीक हस्तलिखितांत 8,600 च्या जागी 8,300 आहे, असं ते म्हणाले. यहुदी पंडितांचं उत्तर वेगळंच. लेवी मोजले ते बाकी वंशांच्या ज्येष्ठ पुत्रांच्या बदल्यात; ते तीनशे स्वतःच ज्येष्ठ पुत्र होते, आणि ज्येष्ठ पुत्राला दुसऱ्या ज्येष्ठ पुत्राची भरपाई करता येत नाही, म्हणून वजा केले.

काकांनी दोन्ही खुलासे ऐकून घेतले, आणि रजिस्टरात शेरा मारला: फरक 300, खुलासा प्राप्त, विचाराधीन.

विचार अजून चालू आहे. दरम्यान मार्च आला आणि अकाउंट्सच्या माणसाला मार्चात देवही हाक मारत नाही. परवा वाटी परत द्यायला खाली गेलो होतो. काका आतल्या खोलीत कचेरीच्या फायली उपसत होते. मला राहवलं नाही. हळूच विचारलं, "काकू, ते लोक पोचले का हो शेवटी कनानात?"

"पोचले की," काकू म्हणाल्या. "मोशे तेवढा नाही पोचला. त्याने डोंगरावरून नुसता..."

"सांगू नकोस गं त्यांना!" आतून काका ओरडले. "मी नेतोय ना तिथपर्यंत!"