एका वकिलाचे वाया गेलेले राजकारण

सांगोल्याचे ॲड. गणपतराव देशमुख यांना उभा महाराष्ट्र आदर्श आमदार म्हणतो. म्हणताना हिशेब मात्र कोणी तपासलेला दिसत नाही. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा जन्म, पुण्यात कायद्याचे शिक्षण, सांगोल्यात वकिली आणि १९६२ साली विधानसभा. पुढे १९७२ आणि १९९५ चे पराभव सोडले, तर एकूण अकरा विजय. एवढ्या भांडवलावर एखाद्या होतकरू माणसाने दोन साखर कारखाने, एक अभियांत्रिकी महाविद्यालय आणि किमान तीन पक्षांतरे सहज उरकली असती. गणपतरावांनी काय केले? एसटीने प्रवास केला, सूतगिरणी काढली तीही सहकारी काढली आणि शेतकरी कामगार पक्ष सोडायचे अखेरपर्यंत त्यांच्या लक्षातच आले नाही. ३० जुलै २०२१ रोजी ते गेले, तेव्हाही ते शेकापमध्येच होते. कारकीर्द वाया जाणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

खरे तर वकिलाला हे शोभत नाही. आज वादीचा, उद्या प्रतिवादीचा. ज्याचे वकीलपत्र त्याची बाजू, हा वकिलीचा धर्मच आहे. आपले बहुतेक आमदार सनद न घेताही तो निष्ठेने पाळतात. गणपतरावांनी मात्र दुष्काळी शेतकऱ्याचे वकीलपत्र एकदा घेतले आणि पक्षकार गरीब असूनही ते सोडले नाही. अशा माणसाचा पुतळा उभारणे सोपे असते, कारण पुतळा कोणाला जाब विचारत नाही. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि ऑगस्टमध्ये सांगोल्यात गणपतरावांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. व्यासपीठावर शरद पवार होते आणि देवेंद्र फडणवीसही होते. एका पक्षात आयुष्य काढलेल्या माणसाचे गुणगान त्या हंगामात अंमळ जास्तच खुलले. साधेपणाची स्तुती आपण एवढ्यासाठीच करतो, की स्तुती केली म्हणजे अनुकरणातून सुटका होते. ‘असा माणूस पुन्हा होणे नाही’ या वाक्यात दुःख थोडे आणि हायसे वाटणे फार.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: निष्ठेने पोट भरत नाही, सत्तेत असल्याशिवाय विकास होत नाही. जून २०२२ मध्ये याच सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील शिवसेनेच्या बंडखोरांबरोबर जाऊन गुवाहाटीहून फोनवर झाडी, डोंगार आणि हाटील यांचे वर्णन करत होते, त्या सहलीचे कारणही विकास हेच सांगण्यात आले होते. आक्षेपात तथ्य आहे का, ते सोलापूर जिल्ह्यातच तपासता येते. गणपतराव १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि १९९९ नंतरच्या आघाडी सरकारात मंत्री होते. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर. सांगोल्याला कृष्णेचे पाणी मिळावे म्हणून त्यांनी नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदा घेतल्या. पाणी उशिरा आले, हे खरे. पण सत्तेने ते लवकर येते का? कोर्टातल्या शिपायापासून मुख्यमंत्रिपदापर्यंत पोचलेले, तेही वकीलच असलेले सुशीलकुमार शिंदे सोलापूरचे. त्यांच्या मंत्रिमंडळात २००४ साली उपमुख्यमंत्री होते अकलूजचे विजयसिंह मोहिते पाटील. राज्याच्या पहिल्या दोन खुर्च्या एकाच जिल्ह्यात, उजनीचे धरणही त्याच जिल्ह्यात. आणि सोलापूर शहराच्या नळाला त्यानंतरही वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआडच पाणी येत राहिले. सत्ता जवळ असली की विकास दारात येतो, हा युक्तिवाद कोणत्याही न्यायालयात पहिल्याच तारखेला निकालात निघेल. चालतो तो फक्त प्रचारसभेत.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: घराणेशाही तर सांगोल्यातही आली. २०१९ मध्ये नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब निवडून आले. हा आक्षेप मान्य करावाच लागेल. फरक एवढाच, की राज्यभरात ज्या पक्षाचा तोच एक आमदार आला, त्या पक्षाची गादी ही गादी कमी आणि सतरंजी जास्त. तरीही आडनावाला सवलत नको. आजोबांच्या एसटीचे तिकीट नातवाला चालत नाही.

उरतो आरोपी तिसराच, आणि तो म्हणजे मतदार. १९९५ मध्ये गणपतरावांना अवघ्या १९२ मतांनी घरी बसवणारेही आपणच आणि अकरा वेळा विधानसभेत पाठवणारेही आपणच. म्हणजे पक्ष न बदलणारा, कारखाना न लाटणारा आमदार निवडून येऊ शकतो, हे सांगोल्याने सिद्ध केले आहे. बाकीच्या महाराष्ट्राला ‘असे उमेदवारच मिळत नाहीत’ ही सबब सांगण्याची सोय उरलेली नाही. पक्ष बदलून आलेला उमेदवार पुढच्या निवडणुकीत विकासाचे नाव घेऊन दारात उभा राहील. तेव्हा त्याला एकच विचारा, झालेला विकास कोणाचा? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर मत देऊ नका. पुतळ्याला हार घालण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.