थांबलेल्या गाडीचे ब्रेक

गिरगावातल्या बहुतेक वाड्यांत एक गणपती असतो, एक न येणारा नळ असतो आणि ताडपत्रीखाली एक जुनी गाडी असते. गणपतीला मंडळ असतं, नळाला नगरसेवकाचं आश्वासन असतं, गाडीला नाना असतात. नानांचं पाळण्यातलं नाव कुणाला ठाऊक नसतं. मुगभाटातले नाना वेगळे, फणसवाडीतले वेगळे. पण बनियनच्या भोकांवरून आणि नखांतल्या ग्रीसवरून लांबूनही ओळखावेत इतके एकसारखे. बँकेतून नाही तर बेस्टमधून निवृत्त, रक्तात साखर थोडी जास्त आणि खिशात पेनाच्या जागी टायरची हवा मोजायचं गेज.

बाकीच्या नानांकडे फियाट असते. आमच्या वाडीतले नाना पिकअपवाले. त्यामुळे फियाटवाल्यांना ते माणसांत धरत नाहीत. "पद्मिनी काय, टॅक्सीवालेसुद्धा चालवायचे," एवढं बोलून ते विषय मिटवत. 30 ऑक्टोबर 2023 ला पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, त्या संध्याकाळी मात्र ते कठड्यावर गप्प बसून होते. ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरली म्हणून बाद झाली होती. "वीस वर्षं?" नाना शेवटी म्हणाले, "वीस वर्षांत आमचा कार्ब्युरेटर नीट ट्यून होत नाही!"

नानांची गाडी म्हणजे महिंद्रची एफसी-150. अमेरिकेत विलीज कंपनीसाठी ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरनं आखलेली आणि 1965 पासून आपल्याकडे महिंद्रनं काढलेली. तिला नाक नाही. इंजिन चालकाच्या मांडीला मांडी लावून बसतं, मागे हौदा, आणि पुढच्या-मागच्या चाकांत अंतर अवघं 81 इंच. हौदा रिकामा असला की बराचसा भार पुढच्या चाकांवर. "मूळची पारशाची," असं नाना सांगतात. मुंबईत विकली गेलेली प्रत्येक जुनी गाडी मूळची पारशाची असते. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या देशात पारशी भरले 57,264. आजवर मला भेटलेल्या 'पारशाच्या गाड्यां'चा हिशेब धरला, तर प्रत्येक पारशी कुटुंबाला ताडपत्रीचा स्वतंत्र कारखाना लागला असता.

तर या गाडीला नानांनी पुढे डिस्क ब्रेक बसवायचं ठरवलं.

गाडी जागची हलत नव्हती, हा मुद्दा त्यांच्या लेखी गैरलागू होता. मेट्रोसाठी जगन्नाथ शंकरशेट रस्ता खोदला गेला, ती वर्षं तिनं वाडीतच काढली. मेट्रो धावायला लागली तरी ती तिथंच. काकू कठड्यावरून म्हणाल्या, "अहो, ब्रेक मारायला आधी गाडी चालावी लागते." नानांनी त्यांच्याकडे न बघता आम्हाला 1953 सालची ल मांची शर्यत सांगितली. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार तिथं कशी जिंकली, ड्रमवाले कसे वळणाच्या कितीतरी आधीपासून ब्रेक दाबत बसले, वगैरे. ल मांच्या त्या वळणाची जागा सांगताना त्यांचा हात ठाकुरद्वारच्या नाक्याकडे गेला होता.

ब्रेकचं शास्त्र मात्र नाना पक्कं सांगतात. ड्रममधला ब्रेक-शू एकदा टेकला की चाकाच्या फिरण्यानंच आणखी ओढला जातो. पायाला फुकटची मदत. पण ड्रम तापला की पकड सुटते, पाणी शिरलं की अजून सुटते. डिस्क उघड्यावर असते, लवकर गार होते, पण तिच्यात ती फुकटची मदत नाही. म्हणून पायाखाली व्हॅक्यूम बूस्टर हवा, मास्टर सिलिंडर बदलायला हवा. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवावा लागतो. तोच दाब डिस्कला ठेवला तर पॅड सुटतच नाहीत, गाडी ब्रेक लावूनच चालते. एकदा तसंच झालं. नानांनी गाडी चालू केली, गिअर टाकला, गाडी गुरगुरली आणि जागेवरच राहिली. "बघा, काय पकड आहे!" असं नाना म्हणाल्याचं वाडीतले सगळे शपथेवर सांगतात.

खरी कथा पुढे, चाकांची.

जुनं पत्र्याचं चाक डिस्कवर बसेना. रिमच्या आतल्या कडेला पॅड दाबणारा कॅलिपर टेकत होता. म्हणजे नवी चाकं आली, आणि नवी म्हटल्यावर अलॉय आलीच. जीपच्या हबवर पाच नट. ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास साडेपाच इंच, म्हणजे 139.7 मिलिमीटर. मारुती जिप्सीचाही हाच. हा आकडा नानांना जावयाच्या जन्मतारखेपेक्षा जास्त पाठ आहे. ऑपेरा हाऊसकडची स्पेअर पार्टची दुकानं झाली, चोरबाजार झाला, शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जिप्सीच्या मापाची चार अलॉय आली. नाना त्यांना टॅक्सीतून घेऊन आले, एक मांडीवर, तीन डिकीत. चाक हबवर चढलं. पाचही भोकं जुळली. नानांनी वाडीकडे अशा नजरेनं पाहिलं की पोरांनी टाळ्याच वाजवल्या. मिस्त्रीनं चाक हातानं फिरवलं.

कर्रर्र.

"नाना, लग रहा है."

"कुठे लग रहा है? पाची होल जुळले ना!"

"होल जुळे, पर आरा लग रहा है. कॅलिपर को."

गिरगावकराला हा प्रकार खरं तर समजवावा लागू नये. दहा बाय बाराच्या खोलीत फ्रिज आणला की तो बसतो; मग लक्षात येतं की कपाटाचं दार उघडत नाही. चाकाचंही तेच. भोकं जुळली म्हणजे चाक बसलं. फिरेल की नाही हा वेगळा प्रश्न. कॅलिपर डिस्कच्या बाहेर मुठीसारखा आलेला असतो. वरच्या बाजूला रिम आणि बाहेरच्या बाजूला आरे, या दोन्हींशी त्याला फट हवी, निदान तीन मिलिमीटर. रिमच्या मध्यापासून चाकाचा हबला टेकणारा भाग किती आत-बाहेर आहे, त्याला ऑफसेट म्हणतात. नानांनी व्यास पाहिला, भोकं पाहिली, रंग तर तीनदा पाहिला. ऑफसेट पाहिला नाही.

पुढचे आठवडे वाडीत ऑफसेटशिवाय बोलणं नव्हतं. मिस्त्री ग्राइंडर घेऊन आला, "कॅलिपर थोडा घिस देता हूं" म्हणाला. नाना त्याच्या आणि कॅलिपरच्या मधे आडवे उभे राहिले. या एका प्रसंगात मी त्यांना मनापासून मानतो. ज्याच्या जोरावर गाडी थांबते ते ओतकाम घासून पातळ करणारा माणूस मिस्त्री नव्हे. दुसरा उपाय स्पेसर: हब आणि चाकाच्या मधे चकती घालायची, चाक बाहेर सरकतं. पण मग स्टड आखूड पडतो, नटाला धरायला आटे उरत नाहीत. शिवाय चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर भार आणि स्टिअरिंग जड. नानांनी ठाम नकार दिला. आणि दुसऱ्या दिवशी एक स्पेसर 'फक्त बघायला' करून आणला.

अखेर शास्त्र आलं ते गणपतीच्या कारखान्यातून. मोकळ्या कॅलिपरवर जागोजागी मऊ माती थापायची, चाक चढवायचं, एकदा हलकेच फिरवायचं, उतरवायचं. माती जिथं जेवढी दबली तेवढी फट. नानांनी यासाठी उरलेली शाडू आणली. मापं अचूक निघाली. फक्त मूर्तिकाराच्या पोरानं मधल्या वेळेत कॅलिपरवर सोंडही काढली होती.

जुन्या जीपची आणखी एक खोड असते: डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे. नट सोडवायला नेहमीसारखा पान्हा फिरवला की तो आवळतो. मिस्त्रीच्या नव्या पोरग्यानं डावीकडचा नट सोडवायला पान्ह्यावर उभं राहून उड्या मारल्या, त्याचा मित्रही चढला, शेवटी स्टड तुटला. "डावीकडे सगळं उलटं असतं, एवढं गिरगावात राहून कळलं नाही?" नाना म्हणाले. गिरणी संपापासून ते डावे नाहीत.

कायद्यानं तर नानांना दोन्हीकडून धरलं. मूळ बनावटीपेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी बदलता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये कलम 52 वर सांगितलं. ते वाचल्यापासून जुने ड्रम नानांच्या पलंगाखाली गोणपाटात गुंडाळलेले आहेत. आरटीओ आलाच तर एका रात्रीत परत बसवायचे. मग 2021 मध्ये पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट आली, नोंदणीची फी 20,000 रुपये. नाना पैसे घेऊन निघाले, तेवढ्यात नियमाची ओळ वाचली: दुचाकी आणि प्रवासी गाड्यांपुरतं. हौदावाली गाडी मालवाहू. पन्नास वर्षं गाडी जपली, पण म्हातारपणाचा दाखला मिळत नाही म्हणून नाना जे संतापले, ते वाडीच्या शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं.

तरीही काम झालं. दुसरी चाकं आली, योग्य ऑफसेटची. तीन मिलिमीटरची फट चार निघाली. यंदा पाडव्याच्या शोभायात्रेत एफसी-150 निघाली, हौद्यात मुलांचा चित्ररथ, पुढे नऊवारीतल्या बुलेटवाल्या, मागे ढोल. वेग माणसाच्या चालीचा. नानांनी वाटेत किती वेळा ब्रेक दाबला ते मोजणं शक्य नव्हतं. कारण नसतानाही दाबत होते. दर वेळी गाडी जागच्या जागी, आवाज न करता थांबली. गिरगावात त्या दिवशी तिच्याइतकं चांगलं कुणीच थांबलं नसेल. काकू गच्चीवरून बघत होत्या. त्यांनी खाली निरोप पाठवला: आता निदान चालवायला शिका.

अजून एक भानगड शिल्लक आहे. स्टेपनी जुनीच राहिली आहे, पत्र्याची, आणि ती पुढच्या डिस्कवर चढत नाही. पुढे पंक्चर झालं तर मागचं अलॉय काढून पुढे लावायचं आणि स्टेपनी मागे, असा नानांचा रस्त्यावरचा बेत आहे. नानांना तो मान्य आहे, मिस्त्रीला नाही, मलाही नाही. तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर जिप्सीचं पंधरा इंची, पाच भोकांचं चाक धूळ खात पडलं असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. गिरगावात कुठल्याही वाडीत शिरा आणि नाना कुठे राहतात ते विचारा. फक्त ऑफसेट मोजून आणा.