दोष मधल्यांचा

आयबीएम एमक्यू या, ॲप्लिकेशन्समध्ये मेसेजची ने-आण करणाऱ्या मिडलवेअरमध्ये २०३३ या कोडचा अर्थ एवढाच, की मेसेजच्या रांगेत, म्हणजे क्यूत, आत्ता मेसेज नाही. म्हणजे काम संपलंय. आमच्या प्रोजेक्टमध्ये मात्र ही एरर मानली जाते आणि मेसेज उचलणारा प्रोग्राम, म्हणजे कन्झ्युमर, दर वेळी सगळ्या टीमला मेल धाडतो. मेल इतके येतात, की प्रत्येकानं त्यांच्यासाठी वेगळा फोल्डर करून ठेवलाय. २०५३ आला, म्हणजे क्यू खरोखरच भरली, की तो मेलही शिस्तीत त्याच फोल्डरमध्ये जातो. अलर्टची व्यवस्था चोख आहे, असं ऑडिटला कळवण्यात आलं आहे.

एमक्यू १९९३ साली एमक्यूसिरीज या नावानं आलं. ते वापरायचे मुख्य नियम एका पानात मावतात. ते पान मी प्रत्येक प्रोजेक्टच्या सुरुवातीला पाठवतो. ‘नोटेड’ असं उत्तर येतं.

उदाहरणार्थ, मेसेजची मुदत. एमक्यूच्या हेडरमध्ये ती सेकंदाच्या दहाव्या भागात लिहायची, जावाच्या जेएमएसमध्ये मिलिसेकंदात. तीस सेकंद हवे असतील तर हेडरमध्ये ३००. कुणीतरी मिलिसेकंद समजून ३०,००० लिहिले. झाली पन्नास मिनिटं. खात्यातली शिल्लक विचारून, कंटाळून, ॲप बंद करून माणूस जेवायला बसतो. आमची यंत्रणा त्याची विनंती जपून ठेवते आणि सवडीनं उत्तरही देते.

मग विषारी मेसेज. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, यूटीएफ-८मध्ये तीन बाइट खातं. नावाचा रकाना तीस बाइटचा. त्यात ‘ज्ञानेश्वर’ काठोकाठ बसतं; आडनावाला जागा नाही. आडनाव घेऊन आलेला मेसेज डेटाबेसला चालत नाही, रोलबॅक होतो, क्यूत परत जातो आणि कन्झ्युमर पुन्हा तोच उचलतो. असे किती हेलपाटे झाले की त्याला बाजूला काढायचं, हे क्यूच्या बॅकआउट थ्रेशोल्डमध्ये नोंदवावं लागतं. ते मुळात शून्य असतं, म्हणजे कधीच काढायचं नाही. बदलायला हवं, हे त्या पानावर आहे. कुणी ज्ञानेश्वर आडनावासकट रात्रभर आत-बाहेर करत राहतात आणि मागचे सगळे ताटकळतात.

पैशांचं प्रकरण वेगळंच. उत्तराला उशीर झाला, की पाठवणारं ॲप्लिकेशन तीच विनंती नव्या मेसेज आयडीनं पुन्हा टाकतं. एमक्यू दोन्ही मेसेज इमानेइतबारे पोहोचवतं. व्यवहाराचा क्रमांक पाहून दुसरा मेसेज टाकून देणं हे घेणाऱ्याचं काम. घेणारे म्हणतात, ‘तुमच्याकडूनच दोन आले.’ पाठवणारे म्हणतात, ‘आम्ही एकच व्यवहार केला.’ दोघंही खरंच बोलत असतात. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाची पुढे जी गत होते, ती आम्हा मिडलवेअरवाल्यांची होते.

क्यूला ४८ अक्षरांपर्यंत नाव देता येतं. आमच्या प्रॉडक्शनमधल्या सर्वांत महत्त्वाच्या क्यूचं नाव ‘टेस्ट२’ आहे. ज्या मेसेजला मुक्कामाची क्यू सापडत नाही, तो डेड लेटर क्यूत जातो. ती रोज कोण पाहतं, असं मी विचारलं. डेव्हलपर म्हणाले, मॉनिटरिंग. मॉनिटरिंगवाले म्हणाले, डेव्हलपर.

परवा क्यू भरली. लिनक्सवर नव्या क्यूची मूळ मर्यादा ५,००० मेसेजची असते, आणि कन्झ्युमर केव्हाचा बंद पडलेला होता. बैठकीत कारणाच्या रकान्यात ‘मिडलवेअर’ लिहिलं गेलं. कन्झ्युमरवर लक्ष कोणी ठेवायचं, हे पुढच्या रिलीजमध्ये पाहायचं ठरलं. तातडीचा उपाय म्हणून मर्यादा ५०,००० करण्यात आली. आता तोच बिघाड कळायला दहापट वेळ लागेल. मंजुरी मात्र तासाभरात मिळाली.